पादत्रधारण : वार्धक्यातील एक उपेक्षित उपक्रम

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील विसाव्या अध्यायात वाताचे ८० नानात्मज विकार गणले आहेत. ही गणना आपण सर्वांनीच विद्यार्थिदशेत पाठ केलेली असते. परंतु तिच्या क्रमाकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. नखभेद, विपादिका, पादशूल, पादभ्रंश, पादसुप्तता, वातखुड्डता आणि गुल्फग्रह हे पहिले सातही विकार पायाचे आहेत. आचार्यांची गणना पायापासून आरंभ करून वर चढत जाते. वयाचा अखेरचा टप्पा हा स्वभावतः वाताचा काळ होय. तेव्हा वृद्ध रुग्णाच्या परीक्षणाचा आरंभही पायापासूनच व्हावा, असा बोध त्यातून घेतल्यास तो अनुचित ठरू नये.

प्रत्यक्ष व्यवहारात मात्र उलट घडते. रुग्ण चिकित्सालयाच्या दाराशी चपला काढून ठेवतो आणि आत येऊन खुर्चीवर बसतो. आपण नाडी पाहतो, जिव्हा पाहतो, गुडघ्याचा संधी हलवून पाहतो. पाय टेबलाखालीच राहतात आणि चपला दाराबाहेर. ज्या वस्तूवर रुग्णाचा सगळा भार दिवसभर पडतो, ती वैद्याच्या दृष्टीस कधी पडतच नाही. वास्तविक जुनी चपल ही रुग्णाच्या चालण्याची नोंदवहीच असते. टाचेची बाहेरची कड झिजली आहे की आतली, अंगठ्याखाली खड्डा पडला आहे काय, एका पायाची चपल दुसरीहून अधिक झिजली आहे काय, हे पाहिल्यास भार कोठे पडतो आणि उद्या व्रण कोठे होण्याचा संभव आहे याचा अंदाज बांधता येतो.

भारतातील ६० वर्षांवरील व्यक्तींची संख्या २०११ च्या जनगणनेतच १० कोटींच्या पुढे गेली होती. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे. या दोन समूहांच्या छेदावर उभा असलेला वृद्ध मधुमेही आपल्याकडे रोज येतो. त्याचा पाय वाचणे अथवा जाणे हे पुष्कळदा मोठ्या औषधावर नव्हे, तर चपलेसारख्या साध्या गोष्टीवर अवलंबून असते.

शास्त्रातील स्थान

पादत्रधारण हा विषय आपल्या संहितांनी गौण मानलेला नाही. चरकांनी मात्राशितीय अध्यायात अंजन, धूमपान, अभ्यंग यांच्याच पंक्तीत त्याला स्थान दिले आहे. पादत्राण नेत्रांस व स्पर्शनेंद्रियास हितकर, पायांची पीडा दूर करणारे, बलदायक आणि चालणे सुखावह करणारे आहे, असे त्याचे गुण तेथे सांगितले आहेत. त्याच अध्यायातील पादाभ्यंगाच्या फलश्रुतीत पायांचा खरखरीतपणा, ताठरता, रूक्षता, श्रम व सुप्तता यांचे शमन आणि गृध्रसी व पादस्फुटन यांचा प्रतिबंध यांचा उल्लेख आहे. पुढे दंडधारण येते. तोल जाणाऱ्यास आधार आणि भयाचे निवारण हे काठीचे गुण होत. वाग्भटांनी दिनचर्येत छत्र व पादत्राण यांसह आणि पुढच्या चार हात भूमीवर दृष्टी ठेवून चालण्यास सांगितले आहे. रात्री निकडीने बाहेर पडावे लागल्यास हाती काठी व सोबत साहाय्यक असावा, असाही त्यांचा उपदेश आहे. हे सारे एकत्र वाचले की वृद्धांच्या पतनप्रतिबंधाचा जणू एक आराखडाच समोर येतो : पायाचे स्नेहन, पायाचे आवरण, हातात आधार, मार्गावर दृष्टी आणि सोबतीला माणूस.

अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात पायांच्या मध्यातील दोन सिरा नेत्रांशी संबद्ध असल्याचे वर्णन आहे. त्याचा शारीर अर्थ कसा लावावा हा अभ्यासाचा विषय आहे. परंतु चिकित्सकाला एक गोष्ट नित्य दिसते. दीर्घकालीन मधुमेहात नेत्र आणि पाय यांची हानी बहुधा बरोबरीने होते. ज्याला तळव्याचे कळत नाही, त्याला तळवा धड दिसतही नाही. म्हणून अशा रुग्णाचे पाय रोज पाहण्याचे काम घरातील दुसऱ्या व्यक्तीवर सोपवावे लागते.

वयोमानाने पायात होणारे बदल

सुश्रुतांनी शारीरस्थानात एका पायाच्या बोटांत १५, तल-कूर्च-गुल्फ यांत १० आणि पार्ष्णीत १ अशी अस्थिगणना केली आहे. ही बेरीज २६ होते. आधुनिक शारीरशास्त्राची विभागणी वेगळी असली, तरी पायातील अस्थींची संख्या तेथेही २६ च आहे. इतक्या अस्थी, त्यांचे संधी व स्नायू मिळून जी कमान तयार होते, ती वयोमानाने सैलावते. त्यामुळे पाय काहीसा लांब व रुंद होतो. तरुणपणी आठ क्रमांकाची चपल घालणारा मनुष्य सत्तराव्या वर्षीही तोच क्रमांक मागतो आणि घट्ट चपलेत बोटे कोंबून चालतो.

दुसरा बदल मेदाचा. टाचेखालची आणि बोटांच्या मुळाशी असलेली मेदाची गादी पातळ होते आणि अस्थी थेट भुईवर टेकल्यासारखी होते. तिसरा बदल त्वचेचा. ती रूक्ष, पातळ व भेगाळ होते. चौथा नखांचा, ती जाड, ठिसूळ व वाकडी होतात आणि कंबर वाकत नसल्यामुळे व दृष्टी मंद झाल्यामुळे ती नीट कापलीही जात नाहीत. पाचवा आणि सर्वांत धोक्याचा बदल संवेदनेचा होय. वेदना ही पायाची पहारेकरी आहे. ती झोपी गेली की खडा, खिळा, चटका वा चपलेचा टाका यांपैकी काहीही रुग्णाला जागे करीत नाही.

हे तत्त्व भारतातच स्पष्ट झाले, याचा येथे उल्लेख करणे उचित होईल. शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरुग्णांचे पाय रोगाने आपोआप झडत नाहीत. संवेदना गेलेल्या पायावर त्याच जागी पुनःपुन्हा पडणारा दाब व न कळलेल्या जखमा त्यांचा नाश करतात, हे त्यांच्या कार्यातून सिद्ध झाले. त्या कार्यातूनच सूक्ष्म छिद्रे असलेल्या मऊ रबराची, म्हणजे एमसीआर तळाची, चपल प्रचारात आली. राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात ती रुग्णांना पुरविली गेली. आज तीच चपल मधुमेही रुग्णाच्याही उपयोगी पडते.

अनवाणी चालण्याचा प्रश्न

वैद्यमित्रांमध्ये या विषयावर मतभेद आहेत, म्हणून त्याचा स्पष्ट विचार करणे आवश्यक आहे. सकाळी दवाच्या हिरवळीवर अनवाणी चालावे, असा सल्ला मधुमेहींना सर्रास दिला जातो. त्यास आधार म्हणून सुश्रुतसंहितेतील प्रमेहचिकित्सा पुढे केली जाते. चिकित्सास्थानाच्या अकराव्या अध्यायात असा उपदेश खरोखरच आहे. धन व आप्तजन नसलेल्या प्रमेहीने छत्र व पादत्राण न घेता, भिक्षान्नावर राहून, एका गावी एकच रात्र मुक्काम करीत शंभर योजने वा त्याहून अधिक चालावे, असा त्याचा आशय आहे.

परंतु वचन प्रकरणापासून तोडून वाचता येत नाही. त्याच अध्यायाच्या आरंभी सुश्रुतांनी प्रमेहीचे सहज व अपथ्यनिमित्तज असे दोन भेद केले आहेत. पहिला कृश व रूक्ष. त्याला अन्नपानाने पोसावे. दुसरा स्थूल, बहुभोजी व आळशी, त्याला अपतर्पण. पायी प्रवासाचा उपदेश या अपतर्पणाच्या अंगाने आलेला आहे. सत्तरीतील क्षीण, पादसुप्ततेने ग्रस्त रुग्ण त्या उपदेशाचा अधिकारीच नव्हे. लगेच पुढच्या, बाराव्या अध्यायात प्रमेहीच्या रसायन्या दुर्बल झाल्यामुळे दोष वर जात नाहीत आणि मधुमेहीस शरीराच्या खालच्या भागी पिडका होतात, असे त्यांनीच सांगितले आहे. चोविसाव्या अध्यायात तर नित्य अनवाणी चालणे हे आरोग्य, आयुष्य व नेत्र यांस अपायकारक असल्याचा निर्वाळा आहे. तीनही स्थळे एकत्र ठेवली, तर आचार्यांचा अभिप्राय संशयास्पद राहत नाही. चालणे ही प्रमेहाची चिकित्सा आहे. अनवाणी चालणे ही सुप्त पायाची चिकित्सा नव्हे.

हेच तारतम्य बाजारात मिळणाऱ्या काटेरी ‘अ‍ॅक्युप्रेशर’ चपलांबाबत व लाकडी खडावांबाबत ठेवावे. निरोगी, संवेदनक्षम पायाला त्या काही काळ सुखद वाटत असतील. ज्याला टोचलेले कळत नाही, त्याच्यासाठी मात्र त्या शंभर ठिकाणी दाब देणारे शस्त्र ठरतात. आमच्या चिकित्सालयात आलेल्या एका वृद्धेच्या तळव्यावर अशा चपलेच्या बोंडांच्या ओळीत चार व्रण होते. पायाच्या मुंग्या जाव्यात म्हणून नातवाने प्रेमाने आणलेली ती भेट होती. त्या पायांची संवेदना आधीच गेलेली होती, ही गोष्ट घरातील कुणालाच ठाऊक नव्हती.

पाच मिनिटांची पादपरीक्षा

६० वर्षांवरील प्रत्येक रुग्णाचे, आणि मधुमेहीचे तर वयाचा विचार न करता, वर्षातून निदान एकदा दोन्ही पाय मोजे काढून पाहावेत. संवेदना कमी झाली असल्यास सहा ते बारा महिन्यांनी पाहावेत. त्याच्या जोडीला रक्तपुरवठ्याचा दोष वा पायाची विकृती असल्यास तीन ते सहा महिन्यांनी, आणि असा पाय पूर्वी व्रणित झालेला असल्यास एक ते तीन महिन्यांनी पाहावेत.

दर्शनात त्वचेचा वर्ण, भेगा, घट्टे, कुरूप, नखे आणि बोटांच्या बेचक्यांतील चिखल्या पाहाव्यात. स्पर्शनात दोन्ही पायांच्या उष्णतेची तुलना करावी आणि पायाच्या पृष्ठभागावरील व आतील घोट्यामागील अशा दोन्ही नाड्या चाचपाव्यात. संवेदनेसाठी १० ग्रॅम दाबाचा मोनोफिलामेंट मिळाल्यास उत्तम. तो नसल्यास रुग्णाला डोळे मिटण्यास सांगून दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या व करंगळीच्या टोकाला आपल्या तर्जनीने एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करावा. सहांपैकी दोन वा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर संरक्षक संवेदना गेली असे समजून चालावे. यास कोणतेही उपकरण लागत नाही. शेवटी दाराबाहेरची चपल आत मागवून घ्यावी. तिच्यात हात घालून टाके, खिळे व खड्डे तपासावेत.

एक अवस्था विशेष लक्षात ठेवावी. मधुमेहीचा एकच पाय लाल, उष्ण व सुजलेला आहे, त्वचा मात्र अखंड आहे आणि सूजेच्या मानाने वेदना फारच थोडी आहे, असे चित्र दिसल्यास ते वातरक्त वा आमवात समजून अभ्यंग-स्वेदन करण्याचा मोह होतो. परंतु ती अस्थी व संधी ढासळण्याची आरंभीची अवस्था असू शकते. अशा पायावर रुग्ण चालत राहिला, तर काही आठवड्यांत पायाचा आकारच बदलून जातो. त्या पायावरील भार त्वरित थांबवून रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवावे. सुप्त पायावरील कोणताही व्रण, बोटाचा काळसरपणा, पाय खाली लोंबत सोडल्यावरच शमणारा रात्रीचा शूल आणि व्रणासह ज्वर या अवस्थाही त्याच दिवशी पुढे पाठविण्याच्या होत.

पादत्राण कसे असावे

औषधाचा योग लिहिताना आपण द्रव्य, मात्रा, काल व अनुपान लिहितो. पादत्राणाचा सल्लाही तितक्याच नेमकेपणाने द्यावा. पुढील मुद्दे उपयोगी पडतील.

१. काल : खरेदी सायंकाळी करावी. दिवसाअखेर पाय किंचित सुजलेले असतात. मापाची परीक्षा उभे राहून करावी आणि दोन पायांतील मोठ्या पायाचे माप प्रमाण मानावे.

२. लांबी : आतील लांबी पायाहून १ ते २ सेंटिमीटर अधिक असावी. त्याहून कमी असल्यास बोटे दबतात. अधिक असल्यास पाय आत सरकतो व घर्षणाने फोड येतो.

३. रुंदी : बोटांच्या मुळाशी पायाची जी रुंदी असते, तितकीच पादत्राणाची असावी. कागदावर उभ्या पायाची आकृती काढून त्यावर चपल ठेवावी. आकृतीची रेषा कोठेही चपलेबाहेर दिसत असेल, तर ती चपल त्या पायाची नव्हे.

४. बंध : टाचेमागे पट्टा असणे अत्यावश्यक आहे. मागून मोकळ्या स्लिपरमध्ये ती निसटू नये म्हणून बोटे सतत आवळून धरावी लागतात. चाल फरफटत होते आणि उंबरठ्याशी ठेच लागते. वेल्क्रोचे पट्टे असल्यास सूज कमी-अधिक झाली तरी माप जुळवता येते आणि थरथरणाऱ्या हातांनाही ते सोयीचे पडते.

५. अंगठा : अंगठा व शेजारचे बोट यांच्या बेचक्यात क्षिप्र मर्म आहे. अंगठ्याच्या चपलेचे घर्षण नेमके तेथेच होते. संवेदना गेलेल्या पायाला अंगठ्याची चपल देऊ नये आणि तेथील लहानसा व्रणही क्षुल्लक मानू नये.

६. तळ : बाहेरचा तळ न घसरणारा, खाचांचा आणि खिळा आरपार जाणार नाही इतका दणकट असावा, आतला थर मऊ असावा. मात्र अति जाड व फुसफुशीत तळाने भुईचा अंदाज कळेनासा होतो व तोल जातो. ज्याची संवेदना शाबूत आहे पण तोल कच्चा आहे, त्याला काहीसा पातळ व घट्ट तळ बरा. ज्याची संवेदना गेली आहे, त्याला मऊ एमसीआर थर व त्याखाली कठीण तळ. टाच बुटकी व रुंद असावी.

७. अभ्यास : नवे पादत्राण पहिल्या दिवशी एक-दोन तासच घालावे. ते काढल्यावर अर्ध्या तासानंतरही लाली राहिली, तर तेथे दाब पडतो आहे असे समजावे.

आपल्या कोल्हापुरी चपलेविषयी सर्वांनाच जिव्हाळा आहे आणि तो सार्थ आहे. वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले ते चामडे पायाला हवा देते. तथापि तिचा कठीण, गुळगुळीत तळ, अंगठा आणि मागील पट्ट्याचा अभाव या तीन गोष्टी सुप्त पायास प्रतिकूल आहेत. यावर उपाय परका नाही. गावातील चर्मकार कारागिराला बोलावून एमसीआरचा आतला थर, मागचा पट्टा व अंगठ्याऐवजी दोन आडवे पट्टे अशी चपल करून घेता येते. तालुक्याच्या ठिकाणी असा एक कारागीर जोडून ठेवणारा वैद्य आपल्या रुग्णांवर मोठे उपकार करील.

घर आणि देवालय

पादत्राण उंबऱ्याबाहेर काढण्याची आपली रीत शौचाच्या दृष्टीने योग्यच आहे. परंतु वृद्धांचा बहुतेक वेळ घरातच जातो आणि गुळगुळीत फरशी व ओले न्हाणीघर हीच घसरण्याची ठिकाणे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या अहवालानुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींपैकी २८ ते ३५ टक्के व्यक्ती दर वर्षी एकदा तरी पडतात. तेव्हा घरात वापरण्यासाठी स्वतंत्र, स्वच्छ, मागे पट्टा असलेले पादत्राण असावे. देवघरात जाण्याचा प्रश्न आड येत असल्यास तेवढ्यापुरते ते काढून, चटईवर बसून पूजा करावी. नुसते मोजे घालून फरशीवर चालणे तर सर्वथा वर्ज्य समजावे.

चैत्र-वैशाखात देवळाच्या दगडी फरशीवर दुपारी अनवाणी प्रदक्षिणा घातल्याने तळवे भाजलेले मधुमेही दर वर्षी पाहण्यात येतात. अशांना दर्शन सूर्योदयापूर्वी वा सायंकाळी घेण्यास सांगावे. श्रद्धेला धक्का न लावता दिलेला सल्ला पाळला जातो, असा अनुभव आहे.

काठीचेही योग्य माप असते. हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाच्या सांध्याशी मूठ यावी. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी धरावी आणि तिच्या टोकाचे रबर झिजताच बदलावे.

पादाभ्यंग : विधी आणि निषेध

रात्री निजण्यापूर्वी कोमट पाण्याने पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून अभ्यंग करावा. पाण्याची उष्णता रुग्णाने नव्हे, तर घरातील दुसऱ्या व्यक्तीने कोपराने पाहावी. वातप्रधान रूक्षतेत तिळतेल वा क्षीरबला तेल, पादहर्षात बला तेल आणि पाददाहात शतधौत घृत यांची योजना करावी. काशाच्या वाटीने तळवे घासण्याची घरगुती रीत दाहात सुखावह आहे. मात्र सुप्त अथवा भेगाळलेल्या पायावर घर्षण हलके ठेवावे. पाददारीत राळ व मेण यांचा मलम आणि कोकणात परंपरेने वापरले जाणारे कोकम तेल उपयुक्त आहे. विपादिकेसाठी चरकांनी कुष्ठचिकित्सेत जीवंत्यादी योग सांगितला आहे.

दोन निषेध आवर्जून सांगावेत. एक, बोटांच्या बेचक्यांत तेल साठू देऊ नये. तेथील ओलावा चिखल्यांस कारण होतो. दोन, अभ्यंगानंतर तळवे पुसल्याशिवाय फरशीवर पाऊल टाकू नये. वातशमनासाठी लावलेल्या तेलाने पाय घसरून खुब्याचे हाड मोडावे, हा विपर्यास टाळणे आपल्या हाती आहे.

वातकंटक व कदर यांत अग्निकर्म उत्तम गुण देते. तथापि सुश्रुतांनी अग्निकर्माच्या निषिद्ध यादीत दुर्बल व वृद्ध यांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. पायाची नाडी लागत नसेल वा संवेदना गेली असेल, तर दहन, लेखन, जलौकावचारण यांपैकी काहीही करू नये.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

कुरूप घेऊन रुग्ण प्रथम दुकानात येतो, वैद्याकडे नंतर. सॅलिसिलिक आम्लाची पट्टी ही त्याला दिली जाणारी सर्वसामान्य वस्तू होय. हे आम्ल कुरूप आणि निरोगी त्वचा यांत भेद करीत नाही. एका निवृत्त शिक्षकांनी करंगळीवरील कुरुपास ती पट्टी आठवडाभर लावली. वेदना नव्हती, म्हणून गुण येतो आहे असे त्यांना वाटले. आमच्याकडे आले तेव्हा व्रण अस्थीपर्यंत पोहोचला होता आणि शल्यचिकित्सकांना ते बोट काढावे लागले. त्या वेळी दुकानात कुणीही ‘आपल्याला मधुमेह आहे का?’ एवढा एक प्रश्न विचारला असता, तर कदाचित बोट राहिले असते.

तो प्रश्न विचारणे हीच विक्रेत्याकडून पहिली अपेक्षा. उत्तर होकारार्थी असल्यास कुरुपाची पट्टी, ब्लेड वा गरम पाण्याची पिशवी देऊ नये. रुग्णाला वैद्याकडे पाठवावे. दुसरी अपेक्षा अशी, की पादाभ्यंगाच्या तेलासोबत ‘लावल्यावर पुसा, मग चाला’ अशी चिठ्ठी द्यावी. तिसरी, काठीचे सुटे रबर, शिवण न टोचणारे सुती मोजे व एमसीआर चपला दुकानात ठेवाव्यात. नफा थोडा असेल. परंतु या वस्तू गावात अन्यत्र सहसा मिळत नाहीत.

वारीतील पादसेवा

आषाढी वारीत आळंदीहून पंढरपूरपर्यंतची सुमारे २५० किलोमीटरची वाट लाखो वारकरी पायी चालतात. त्यांत वृद्धांची संख्या मोठी असते आणि दिवस पावसाचे असतात. सुश्रुतांनी अलस या क्षुद्ररोगाचे कारण दुष्ट कर्दमाचा स्पर्श हे सांगितले आहे. वारीतील पाय पाहिले की त्या निरीक्षणाची यथार्थता पटते. वाटेवरील सेवाकेंद्रांत आपले अनेक सभासद वारकऱ्यांचे पाय चेपून देतात. या सेवेला थोडी शिस्त जोडली, तर ती अधिक फलदायी होईल. आधी पाय धुवावेत, नीट पाहावेत, स्पर्श कळतो का ते तपासावे आणि मगच तेल लावावे. व्रण असलेल्या पायास व एकाच बाजूने सुजलेल्या दुखऱ्या पोटरीस मर्दन करू नये. बेचक्या कोरड्या कराव्यात. शक्य तेथे कोरड्या मोज्यांची जोडी द्यावी. वृद्ध मधुमेही वारकऱ्यास अनवाणी चालण्याचा नेम असेल, तर त्याच्याशी वाद घालू नये. पाय शाबूत राहिले तर पुढच्या वर्षीही वारी घडेल, एवढे त्याला सांगावे. त्याला ते पटते.

उपसंहार

मधुमेही पायाचा व्रण भरून आल्यानंतरही वर्षभरात सुमारे ४० टक्के रुग्णांत तो पुन्हा उद्भवतो, असे अलीकडील अभ्यास सांगतात. याचे एक प्रमुख कारण असे, की व्रण बरा होतो आणि रुग्ण पुन्हा त्याच जुन्या चपलेत पाय घालतो. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र आपण नित्य उच्चारतो. येथे निदान दाराबाहेर, पायपुसण्याशेजारी पडलेले असते.

यासाठी मोठ्या खर्चाची वा यंत्रांची आवश्यकता नाही. चिकित्सालयात एक बुटका स्टूल, एक कोरा कागद व पेन्सिल आणि रुग्णपत्रिकेत ‘पाद’ व ‘पादत्राण’ असे दोन रकाने एवढे पुरे. सभासदांनी येत्या तिमाहीत ६० वर्षांवरील प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत हे दोन रकाने भरावेत आणि आपली निरीक्षणे त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावीत, अशी नम्र विनंती आहे.